चाळलेल्या पेट्या

सकाळी ९:००

दुकान अकराला उघडतं, मी नऊला येते. आधीचे दोन तास माल बघण्याचे. माझ्या मते दुकानाची पत त्या दोन तासांतच ठरते.

आम्ही खेळाडूंची कार्डं विकतो. न्यू जर्सीत, एडिसनपासून वीसेक मिनिटांवर, एक लॉन्ड्री आणि एक पिझ्झाचं दुकान यांच्या मधोमध. बेसबॉल, बास्केटबॉल, अमेरिकन फुटबॉल, हॉकी. अडीच इंच रुंद, साडेतीन इंच उंच पुठ्ठा. पुढे खेळाडूचा फोटो, मागे त्याची आकडेवारी. कार्डं बंद पाकिटात येतात, पाकिटं बॉक्समध्ये आणि बॉक्स केसमध्ये. आत कोण आहे हे विकणाऱ्याला ठाऊक नसतं आणि घेणाऱ्यालाही नसतं. बहुतेक वेळा पाकिटाची किंमतही वसूल होत नाही. क्वचित एखाद्या नव्या खेळाडूचं पहिलं कार्ड निघतं, त्याला इथे रूकी म्हणतात, किंवा स्वाक्षरी केलेलं कार्ड निघतं, आणि ते पाकिटाच्या कितीतरी पट किमतीला जातं.

दोघांनाही माहीत नाही, म्हणूनच हा व्यवहार सरळ आहे. विकणाऱ्याला कळलं आणि घेणाऱ्याला कळलं नाही, की तो बिघडला. ज्याला चांगली पाकिटं ओळखता येतात तो ती बाजूला काढतो आणि उरलेली ‘न उघडलेली’ म्हणून विकतो. त्यात एकही शब्द खोटा नसतो. पाकीट खरोखर कोणी उघडलेलं नसतं, फक्त त्यात काही नाही हे एकाला आधीच माहीत असतं. असा चाळून घेतलेला, ‘सर्च’ केलेला माल बाजारात किती फिरतो याची बाहेरच्या माणसाला कल्पना नसते.

काल वितरकाकडून नवीन बेसबॉलची केस आली आहे. मी आधी टेप बघते. कारखान्याची टेप एकसंध आहे ना, तिच्याखाली दुसऱ्या टेपने फाडलेल्या पुठ्ठ्याची खूण नाही ना. मग मोबाइल स्टँडला लावून, चित्रीकरण सुरू ठेवून केस कापते. प्रत्येक बॉक्सवरचं प्लास्टिक उजेडात फिरवून बघते: कंपनीची चिन्हं छापलेली आहेत का, सांधा जिथून जायला हवा तिथूनच जातो का, कोपऱ्यांवर ताण सारखा आहे का. प्रत्येक बॉक्सच्या पावतीवर तो कोणत्या केसमधून निघाला ते लिहिते. कोणी विचारत नाही, तरी लिहिते.

सकाळी १०:००

मालकांनी काल एका माणसाकडून तीन ब्लास्टर घेतले आहेत. ब्लास्टर म्हणजे मोठ्या स्टोअर्समध्ये मिळणारा स्वस्तातला छोटा बॉक्स. कोविडच्या काळात त्यांच्यासाठी पहाटेपासून रांगा लागायच्या. मे २०२१ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ब्रुकफील्डमध्ये टार्गेट या मोठ्या स्टोअरबाहेर कार्डांवरून मारामारी झाली, एकाने पिस्तूल काढलं आणि टार्गेटने काही काळ दुकानांतून कार्डं विकणंच थांबवलं होतं.

त्या गर्दीबरोबर एक जुनी लबाडी पुन्हा वर आली. ब्लास्टर विकत घ्यायचा, घरी उघडायचा, चांगलं ते काढायचं, जागेवर साधी कार्डं भरायची, बॉक्सवर प्लास्टिक चढवून हेअर ड्रायरने आवळायचं आणि स्टोअरला परत करून पैसे घ्यायचे. परतीच्या खिडकीवरच्या मुलीला बॉक्स बंद दिसतो, ती तो पुन्हा फडताळावर लावते. पुढचा ग्राहक कोणाचा तरी मुलगा असतो.

तिन्हींपैकी एकाचं प्लास्टिक मला पटत नाही. सांधा बॉक्सच्या पाठीवरून सरळ जाण्याऐवजी कडेला सरकलाय आणि एका कोपऱ्याला जास्तीचं प्लास्टिक गोळा झालंय. कदाचित कारखान्यातच तसं झालं असेल. पण ‘कदाचित’ लागणारा माल आम्ही विकायला ठेवत नाही. तो मागच्या खोलीत गेला.

सकाळी ११:००

शनिवार, त्यामुळे दार उघडताच माणसं. पहिल्या अर्ध्या तासात तीन जणांनी एकच विनंती केली: “त्या बॉक्समधलं पाकीट मी निवडून घेऊ का?”

नाही. सुटी पाकिटं काउंटरच्या आत, काचेमागे. हात लावायचा नाही, क्रमाने मिळेल ते घ्यायचं. लोकांना हा तुसडेपणा वाटतो. कारण सांगितलं की समजतं. १९९७ मध्ये अपर डेक या कार्ड कंपनीने खेळाडूने प्रत्यक्ष घातलेल्या जर्सीचा तुकडा बसवलेली बेसबॉल कार्डं पाकिटात घातली. तसं कार्ड साध्या कार्डापेक्षा कितीतरी जाड आणि जड असतं. लगेच लोक खिशात सोनाराच्या काट्याएवढा छोटा डिजिटल वजनकाटा ठेवायला लागले. काहींना काटाही लागत नाही, दोन बोटांत पाकीट धरून किंचित वाकवलं की जाडी कळते. कंपन्यांनी मग साध्या पाकिटांतही जाडे कोरे पुठ्ठे घालायला सुरुवात केली, म्हणजे वजनावरून अंदाज येऊ नये. तरीही सगळ्याच मालात ते नसतात.

आणि वजन ही फक्त एक वाट. ज्या बॉक्सवर ‘एक स्वाक्षरी नक्की’ असं छापलेलं असतं, त्यातली पाकिटं एकेक करून फोडली आणि सातव्या पाकिटात स्वाक्षरी निघाली, तर उरलेल्या पाकिटांत दुसरी स्वाक्षरी असण्याची आशा जवळजवळ संपली. ही उरलेली पाकिटं न तोलता, न चाचपता, अगदी स्पर्श न करताही चाळलेली आहेत. काही मालात बॉक्समधला पाकिटांचा क्रम ठरावीक असतो. दहा-वीस बॉक्स फोडून ज्याने तो लिहून काढला, त्याला पुढच्या बॉक्समधलं चांगलं पाकीट कितव्या जागी आहे ते आधीच सांगता येतं. तो ते उचलतो, बाकीचं विकतो.

आमच्याकडे नियम आहे: बॉक्समधून मोठं कार्ड निघालं की त्याच क्षणी मार्करने बॉक्सवर लिहायचं, ‘स्वाक्षरी निघाली’. उरलेल्या पाकिटांची किंमत अर्ध्याहून खाली. नुकसान होतं. चालतं.

दुपारी १२:३०

सत्तरीतले एक गृहस्थ दोन बॉक्स छातीशी धरून आत आले. थोरले भाऊ हिवाळ्यात गेले, त्यांचं घर रिकामं करताना तळघरात सापडले. टॉप्स कंपनीचे, १९८० चे बेसबॉल बॉक्स. प्रत्येकात छत्तीस पाकिटं.

“माझ्या भावाने एकाही पाकिटाला हात लावलेला नाही,” ते म्हणाले. “मी शपथेवर सांगतो.”

“मला खात्री आहे. पण त्यांनी घेतले कुठून?”

“एका कार्ड शोमध्ये. नव्वदच्या आसपास.”

म्हणजे कारखान्यातून निघाल्यापासून दहा वर्षं हे बॉक्स कोणाच्या तरी हातांत होते. आणि त्याच दहा वर्षांत रिकी हेंडरसन मोठा झाला. १९८० च्या टॉप्स संचात ७२६ कार्डं. त्यातलं ४८२ क्रमांकाचं हेंडरसनचं रूकी कार्ड. चौदाशे सहा बेस चोरणारा हा खेळाडू. तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये तो गेला. त्याच्या या कार्डाची निर्दोष प्रत, ग्रेडिंगमध्ये दहापैकी दहा मिळालेली, लाख डॉलरच्या वर विकली गेली आहे. १९८० मध्ये ते कार्ड पंचवीस सेंटच्या पाकिटात, आणखी चौदा कार्डं आणि एक च्युइंग गम यांच्या सोबतीला मिळत होतं.

त्या काळच्या टॉप्सच्या बॉक्सवर प्लास्टिक नसायचंच. बॉक्सचं झाकण कोणीही उघडावं. पाकीट मेणकागदाचं, पाठीमागे घडी घालून गरम पट्टीने चिकटवलेलं. मेण वितळून चिकटतं, म्हणजे पुन्हा गरम केलं की पुन्हा वितळतं. घरातली इस्त्री, मधे एक पातळ कागद आणि थोडा सराव एवढ्यावर पाकीट उघडून परत बंद करता येतं.

मी मागचं टेबल मोकळं केलं, भिंगाचा दिवा ओढला, हातमोजे चढवले. पाकिटं ज्या क्रमाने बॉक्समध्ये होती त्याच क्रमाने बाहेर मांडली. ते समोर खुर्चीत बसले.

पहिला बॉक्स चांगला होता. प्रत्येक पाकिटाच्या पाठीवर गरम पट्टीचा एकच ठसा, मेण कागदात सारखं मुरलेलं. दोन पाकिटांच्या कडा सुटल्या होत्या, आणि इथे घाई करायची नसते. पंचेचाळीस वर्षांत मेण सुकतं, घडी आपोआप सुटते. सुटलेली घडी म्हणजे चोरी असं नाही. घडीच्या खाली बघायचं. तिथे कागद स्वच्छ होता, एकच जुनी रेष, दुसरी कुठलीही खूण नाही.

दुसऱ्या बॉक्समधल्या पाचव्या पाकिटाला मी थांबले. घडीवर दोन रेषा. एक मूळची, सरळ. दुसरी तिला तिरकी छेदणारी, आणि तिच्या बाजूला मेण पसरून चकाकत होतं. कडेला कागदाचे तंतू उभे राहिलेले. सहावं ठीक. सातवं तसंच. छत्तीस तपासून झाली तेव्हा नऊ वेगळी काढलेली होती.

ते बराच वेळ त्या नऊ पाकिटांकडे बघत राहिले. “भावाने हे केलं असेल असं तुम्हाला वाटतं?”

“नाही. ज्याने त्यांना विकलं त्याने, किंवा त्याच्याही आधीच्या कोणी तरी. तुमच्या भावाने पूर्ण पैसे मोजले आणि जपून ठेवलं.”

त्यांना पुरावा हवा होता, आणि तो त्यांचा हक्क होता. नऊपैकी एक पाकीट त्यांनी स्वतः उघडलं. गम जुन्या भिंतीच्या पोपड्यासारखा, फिकट आणि ठिसूळ. बोट लागताच त्याचे तुकडे झाले. आता खरी गोष्ट. गम ज्या कार्डाला टेकून असतो त्या कार्डावर वर्षानुवर्षांत त्याचा तपकिरी चौकोनी डाग उठतो. त्या पाकिटात गमला टेकलेलं कार्ड कोरं होतं. मी त्यांना पुढची कार्डं एकेक करून बाजूला ठेवायला सांगितलं. चौथ्या कार्डावर डाग होता, गमच्याच आकाराचा, कडा नीट दिसत होत्या. डागाचं कार्ड एका जागी आणि गम भलत्याच जागी. कोणी तरी ही पंधरा कार्डं बाहेर काढली होती, चाळली होती आणि परत रचताना क्रम विसरला होता.

“हेंडरसन काढून घेतला असणार,” ते म्हणाले.

खरी अडचण ही की ते सिद्ध होत नाही. बॉक्समध्ये छत्तीस गुणिले पंधरा, म्हणजे ५४० कार्डं, आणि संच ७२६ चा. कोणीही न छेडलेल्या बॉक्समधूनसुद्धा सरासरीने एक हेंडरसन निघत नाही. हेंडरसन न निघणं हा चोरीचा पुरावा नाही. तो नुसत्या नशिबाचाही भाग असू शकतो. १९८६ च्या फ्लीअर बास्केटबॉलचं तसं नाही. त्यात मायकल जॉर्डनचं रूकी कार्ड आहे, संच फक्त १३२ कार्डांचा, बॉक्समध्ये छत्तीस पाकिटं आणि पाकिटात बारा कार्डं. हिशेबाने तीनेक जॉर्डन यायलाच हवेत, आणि एकही आला नाही तर बॉक्स स्वतःच ओरडून सांगतो. बहुतेक माल असा बोलत नाही. घेणारा फोडतो, काही निघत नाही, तो आपल्या नशिबाला दोष देतो आणि पुन्हा पैसे घेऊन येतो. चाळणारा माणूस नेमका या सवयीवर जगतो. मला त्याचा राग येतो तो याचसाठी. चोरी झाली हे ज्याची झाली त्यालाही कळू नये, यापेक्षा सुरक्षित चोरी कुठली?

पहिला बॉक्स आम्ही जुन्या बंद मालाची पडताळणी करणाऱ्यांकडे पाठवू. ते तपासून स्वतःचं प्लास्टिक आणि शिक्का लावतात, मग त्याला पूर्ण भाव येतो. दुसऱ्याचे सुट्या कार्डांइतकेच पैसे देता येतील. उरलेली सत्तावीस पाकिटं दिसायला निर्दोष आहेत, पण ज्या बॉक्समध्ये एक हात फिरला आहे तिथे तो आणखी कुठे फिरला नाही असं मी लिहून देऊ शकत नाही.

त्यांनी दुसरा बॉक्स विकला नाही. परत नेला.

दुपारी २:१५

पोळी-भाजी उभ्यानेच. मालक सँडविच घेऊन शेजारी बसले आणि जुन्या शोंच्या आठवणी निघाल्या. मेणकागदाच्या काळात प्रत्येक हॉलमध्ये एक तरी टेबल असं असायचं की जिथल्या पाकिटांतून कधीच काही निघत नसे. १९८९ मध्ये अपर डेक आली ती सहजासहजी छेडता न येणारं फॉइलचं पाकीट घेऊनच. पहिल्या नंबरचं कार्ड केन ग्रिफी ज्युनिअर या रूकीचं होतं. लोकांनी त्या पाकिटाला जास्त पैसे दिले, कारण ते भरवशाचं होतं.

भरवशाला आता काय किंमत येते ते २०२४ च्या फेब्रुवारीत दिसलं. कॅनडात, रेजायनामध्ये, एका घरात १९७९-८० च्या ओ-पी-ची हॉकी कार्डांची न उघडलेली अख्खी केस निघाली. त्यात वेन ग्रेट्स्कीचं रूकी कार्ड असतं. सोळा बॉक्सची ती केस लिलावात सदतीस लाख डॉलरच्या वर गेली. कोणी फोडेल अशी शक्यताच नाही. ‘याला कोणी हात लावलेला नाही’ या एका वाक्याची ती किंमत.

मालकांनी दुसरी बाजूही काढली. लोगन पॉल या यूट्यूबरने पोकेमॉनची एक केस पस्तीस लाख डॉलरला घेतली होती, तज्ज्ञांनी आधी तपासून खरी ठरवलेली. जानेवारी २०२२ मध्ये ती उघडली तर आत जी. आय. जो या खेळण्यांची कार्डं. शिक्का म्हणजे जाणत्या माणसाचं मत. मीही माझ्या ग्राहकांना यापेक्षा जास्त काही सांगत नाही.

दुपारी ३:३०

एडिसनचे एक वडील आणि त्यांचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा. मुलगा मला मावशी म्हणतो, वडील ताई. वाढदिवसाला त्यांनी ऑनलाइन वीस सुटी पाकिटं मागवली होती, ‘हॉबी बॉक्समधली, न उघडलेली’, म्हणजे कार्डांच्या दुकानांत मिळणाऱ्या बॉक्समधली. मुलाने रिकामी वेष्टनं आणि कार्डं एका पिशवीत भरून आणली होती.

“मावशी, वीसमधून एकही ऑटो नाही. एकही मोजक्या प्रतींचं, नंबर टाकलेलं कार्ड नाही. माझं लकच खराब आहे का?”

मी वडिलांकडे बघितलं. त्यांना कल्पना आली होती, बोलायचं कसं ते सुचत नव्हतं. मी मुलाला खरं सांगायचं ठरवलं. दहा वर्षांच्या मुलाने स्वतःला कमनशिबी समजावं, त्यापेक्षा जगात लबाड माणसं असतात हे त्याला कळलेलं बरं. बॉक्स काढून दाखवला: यात चोवीस पाकिटं आणि दोन स्वाक्षऱ्या, म्हणजे मुलाचे ‘ऑटो’, ठरलेल्या. “तुला वीस मिळाली. उरलेली चार कुठे गेली असतील?”

त्याने विचार केला. “त्यांनी चार उघडली. दोन्ही ऑटो त्यातच निघाले.”

“नक्की तसंच झालं असं मी म्हणणार नाही. पण तसं झालं नसेल, हे त्यांना दाखवता येणार आहे का?”

वडील म्हणाले, “ताई, आमच्या लहानपणी बिग फन गममध्ये क्रिकेटची कार्डं यायची. धावा जमवायच्या. दुकानदार बरणीत हात घालू द्यायचा नाही.” मी हसले. आमच्या घराजवळचाही द्यायचा नाही.

मुलाने एक्स-रेबद्दल विचारलं; शाळेत कोणी तरी सांगितलं होतं. हो, २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका औद्योगिक तपासणी करणाऱ्या कंपनीने सीटी स्कॅन करून पोकेमॉनच्या बंद पाकिटातली कार्डं ओळखण्याची सेवा सुरू केली. पाकीट फाटत नाही, मेण हलत नाही, वजन बदलत नाही. भिंगाखाली मी जे काही बघते ते सगळं तिथे निरुपयोगी आहे. म्हणून सुटं पाकीट, मग ते कितीही नवं कोरं दिसो, अनोळखी माणसाकडून घेऊ नका एवढंच मी सांगू शकते. घ्यायचा तर अख्खा बॉक्स, शक्यतो केस तुमच्यासमोर फुटताना. आणि एखादा खेळाडू मनापासून आवडत असेल तर त्याचंच सुटं कार्ड घ्या. समोर दिसतं, मागून-पुढून बघता येतं, कोणी त्यातून काही काढून घेऊ शकत नाही.

मुलाने अर्धा तास लावून शॉर्टस्टॉपला खेळणाऱ्या एका बेसबॉलपटूचं सहा डॉलरचं कार्ड निवडलं. वडिलांना मी ऑनलाइन विक्रेत्याविरुद्ध तक्रार कशी लिहायची ते सांगितलं: वेष्टनं फेकू नका, फोटो काढा, ‘बॉक्समधली सलग पाकिटं आहेत का’ असा सरळ प्रश्न लेखी विचारा.

संध्याकाळी ५:००

ऑनलाइन विक्रीचं लिखाण. सकाळी ज्या बॉक्समधून स्वाक्षरी निघाली त्यातली अकरा पाकिटं टाकायची आहेत. मी लिहिते: ‘हॉबी बॉक्समधून उरलेली पाकिटं. ठरलेली स्वाक्षरी या बॉक्समधून आधीच निघाली आहे. साध्या कार्डांसाठी घ्यावीत.’ असं लिहिल्यावर ती हळू खपतात. घेणारे असतात, संच पुरा करणारे. त्यांना साधीच कार्डं हवी असतात आणि स्वस्त मिळाल्याचा आनंद असतो. चाळलेला माल विकणं पाप नाही. तो चाळलेला आहे हे दडवणं पाप आहे.

संध्याकाळी ६:४५

बंद करायची वेळ. विशीतला एक मुलगा पाठीवरच्या सॅकमधून चौदा सुटी पाकिटं काढून काउंटरवर ठेवतो. बास्केटबॉल, महागडा माल.

“बॉक्स?”

“फेकून दिला.”

“बाकीची पाकिटं?”

“मित्राने घेतली.”

“मित्राला काय निघालं?”

तो खांदे उडवतो. मी पाकिटं हातात न घेता त्याच्याकडे सरकवते. आम्ही सुटी घेत नाही. तो म्हणतो, ठीक आहे, रात्री ऑनलाइन टाकतो, वीस मिनिटांत जातील. त्याचं म्हणणं बरोबर आहे, जातील. मी त्याला सांगते की निदान त्यात लिही, बॉक्समधली काही आधी उघडली होती म्हणून. तो सॅकची चेन लावतो.

“असं लिहिलं तर घेणार कोण?” तो विचारतो, आणि उत्तराची वाट न बघता दार ढकलतो.